सोनबा अजून जेवला नाही

कीर्तन ऐकायला मी कुठेही जातो. नारायण पेठेतल्या एका लहानशा देवळात दर गुरुवारी अनिरुद्धबुवांचं कीर्तन असायचं. मी खडकीहून स्कूटर काढायचो, कारखान्यातले बूट देवळाबाहेर सोडायचो आणि पहिल्या रांगेत, ठरलेल्या खांबाला टेकून बसायचो. बारा वर्षांत तो खांब माझ्या डोक्याच्या तेलानं काळा पडला. एकदा बुवा भर कीर्तनात थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काही श्रोत्यांचा देवळाला आधार असतो, काहींना देवळाचा." सगळी मंडळी हसली. मला वाटलं, बुवांनी आपलं नाव काढलं. घरी आल्यावर मी ते बायकोला अभिमानानं सांगितलं.

"अहो, ते तुम्हाला खांब सोडायला सांगत होते," अक्षता म्हणाली.

अक्षता शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. तिला कीर्तनाचा राग नाही. तिचं म्हणणं एवढंच, की जी गोष्ट ती वर्गात आठ मिनिटांत सांगते, ती सांगायला बुवांना अडीच तास लागतात आणि शेवटी कुणाला प्रश्नही विचारत नाहीत.

मी दशरथ. कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वस्तू कुठे ठेवली हे मला नेहमी माहीत असतं, फक्त घरातलीच सापडत नाही. दोन मुलं: इंद्रजीत आठ वर्षांचा, पूर्वा साडेचार वर्षांची. मला कीर्तनाचं सगळं कळतं, नुसतं गाता येत नाही, बोलताना दम लागतो आणि गोष्टीचा शेवट आठवत नाही. तरीही मी कीर्तनकार झालो. दोष महामारीचा आहे.

पहिल्या वर्षी देवळं बंद झाली तेव्हा मी फोनवर कीर्तन ऐकायचा प्रयत्न केला. पण घरात फोन दोनच. एकावर अक्षता शिकवायची, दुसऱ्यावर इंद्रजीत शिकायचा, निदान तसं दाखवायचा. संध्याकाळी फोन मोकळे व्हायचे तेव्हा चार्जिंग संपलेलं असायचं, फोनचं आणि अक्षताचंही. त्यात पूर्वाचं जेवण. ही मुलगी घास गालात ठेवून अर्धा अर्धा तास बसायची. विचारलं तर बोट दाखवून सांगायची, की तोंडात घास आहे, बोलता येत नाही.

एका संध्याकाळी अक्षता ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्ही भरवा. मी तिसरीची चाळीस मुलं सांभाळून आले आहे, ही एकेचाळिसावी तुमची."

मी काय करणार? टॉवेल उपरण्यासारखा खांद्यावर टाकला, अक्षताच्या दोन लाकडी फूटपट्ट्या चिपळ्यांसारख्या बोटांत धरल्या आणि पाटावर उभा राहिलो. "विठ्ठल विठ्ठल!" पूर्वा हसली. हसताना घास खाली गेला. मी पुन्हा म्हणालो, "म्हणा, विठ्ठल विठ्ठल!" आणि तिनं म्हटलं. त्या क्षणी मला शोध लागला, की तोंड रिकामं असल्याशिवाय नाव घेता येत नाही. अध्यात्मात याचा काही अर्थ असेल तर बुवांना विचारायला हवा, पण आमच्या घरी त्याचा अर्थ असा होता, की वीस वेळा विठ्ठल म्हणजे एक वाटी वरण-भात.

तेव्हापासून रोज जेवणाच्या वेळी कीर्तन. रीतसर हं. आधी पूर्वरंग, म्हणजे उपदेश. तेव्हा मुलं भांडायची. मग मध्ये बुक्का लावायचा. मग उत्तररंग, म्हणजे कथा, तेव्हा मुलं जेवायची. अक्षता स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, आमटी गार होतेय. उपदेश उरकून सोनबाला आणा लवकर!"

सोनबा कोण, ते सांगायला हवं. बारा वर्षं ऐकलेल्या कथा मला वाटलं होतं जन्मभर पुरतील. त्या तीन महिन्यांत संपल्या, कारण मुलं मोठी हुशार, त्यांना तीच कथा दुसऱ्यांदा चालत नाही. देवळात आम्ही तीच कथा बारा वर्षं डोळे पुसत ऐकली. मग मी स्वतःच भक्त तयार केला. सोनबा मार्केट यार्डात हमाल होता. कांद्याची पोती वाहायचा आणि प्रत्येक पोतं उचलताना देवाचं नाव घ्यायचा. देव त्याच्याकडे वेषांतर करून यायचा, कधी टेम्पोवाला होऊन, कधी चहावाला होऊन. एकदा तर पावती फाडणाऱ्या कारकुनाच्या वेषात आला आणि सोनबानं ओळखलं, कारण कारकून नम्रपणे बोलला.

इंद्रजीतनं एकदा विचारलं, "बाबा, सोनबा खरंच होता का?"

"होता म्हणजे काय? आहे," मी म्हणालो. कीर्तनकारानं असं ठासून बोलावं लागतं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाली. कारखान्याच्या फाटकाशी मी मास्क हनुवटीवर ओढून कोंडीरामला पूर्वरंग आणि उत्तररंग यांतला फरक समजावत उभा होतो. कोंडीराम आमच्या स्टोअरमधला जुना माणूस, त्यानं मास्क नाकावरच ठेवला होता. वीस मिनिटं मी बोललो. आजूबाजूनं किती माणसं खोकत गेली, मला शुद्ध नव्हती. तीन दिवसांनी मला ताप आला. कोंडीरामला काहीच झालं नाही. रोगही लागला नाही आणि फरकही कळला नाही.

रिपोर्ट आला तसं अक्षतानं मला आतल्या खोलीत घातलं. आमच्या क्वार्टरच्या आतल्या खोलीला मागच्या बाजूनं जुनं न्हाणीघर आहे. त्याच्या ओलीला मी दहा वर्षं नावं ठेवली होती, आता तेच कामाला आलं. डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितले. दाराबाहेर स्टूल मांडलं. अक्षता त्यावर ताट ठेवायची, टकटक करून लांब जायची. मग मी दार किलकिलं करून ताट आत घ्यायचो. रिकामं ताट तसंच बाहेर. ऑक्सिजन मोजायचं यंत्र शेजारच्या योगेशनं खिडकीतून दिलं. अक्षता तासातासाला हाक मारायची, "आकडा?" मी म्हणायचो, "चौऱ्याण्णव." "कालपेक्षा एक कमी. पालथे झोपा." तिच्या आवाजात काहीच नसायचं. पण आकडा सांगायला मला उशीर झाला की तिच्या चपला दारापर्यंत यायच्या आणि तिथेच थांबायच्या.

पहिल्याच संध्याकाळी दाराबाहेर पूर्वाचं रडणं सुरू झालं. "बाबाचं कीर्तन पाहिजे!" अक्षतानं तिला दारापासून चार हात लांब, सतरंजीवर बसवलं. मी आत पलंगावर बसून, दाराकडे तोंड करून सुरू केलं. पूर्वरंग गाळला, कारण दम नव्हता. सरळ सोनबा. दिवसभर माझ्यासमोर दार सोडून दुसरं काही नव्हतं, त्यामुळे कथेतही दारच आलं.

सोनबा देवाला भेटायला देवळात गेला, तर दार बंद. पुजारी म्हणाला, आज नाही, उद्या ये. सोनबा म्हणाला, जाणार नाही. आणि पायरीवर बसला. "सोनबानं पण केला," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "जोवर हे दार उघडत नाही, जोवर माझा देव मला दिसत नाही, तोवर अन्नाचा कण घेणार नाही! म्हणा, विठ्ठल विठ्ठल!"

बाहेरून दोन आवाज आले. एक कंटाळलेला, एक रडका.

"मग?" पूर्वानं विचारलं.

मग मला खोकला आला. खूप आला. तो थांबल्यावर मी म्हणालो, "उरलेली कथा उद्या." मोठे बुवा असंच करतात, कथा ऐन रंगात आली की थांबतात, म्हणजे श्रोते दुसऱ्या दिवशी येतात. पण खरं सांगायचं तर खोकला हे निमित्त होतं. पुढे काय होतं, ते मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप एकशे दोन झाला आणि आवाज गेला. गेला म्हणजे अगदी गेला. तोंड उघडलं की सायकलच्या चाकातून हवा जाते तसं व्हायचं. चव आधीच गेली होती, वासही. अक्षता ताट ठेवायची, मी आत घ्यायचो, दोन घास तोंडात फिरवायचो, पुठ्ठ्यासारखे लागायचे, आणि ताट तसंच बाहेर ठेवून झोपायचो. "तसंच ठेवलंत?" ती विचारायची. मी दारावर एकदा टकटक करायचो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं आमचं ठरलं होतं. लग्नाच्या अकरा वर्षांत इतक्या थोड्या शब्दांत आमचं कधीच भागलं नव्हतं.

दुपारी जाग आली तर दाराखालच्या फटीतून तीन चिठ्ठ्या आत आल्या होत्या. इंद्रजीतच्या वहीची पानं, इंद्रजीतचं अक्षर.

पहिली: "बाबा, पूर्वाने उपमा खाल्ला नाही. आई ओरडली."

दुसरी: "वरण-भात पण नाही. आईने गोष्ट सांगितली. पूर्वा म्हणाली तुला कीर्तन येत नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन उभी आहे."

तिसरी: "पूर्वा सोनबाबरोबर उपास करते आहे. दूध पण नको म्हणाली. पाणी प्यायली आहे. सोनबा पाणी पितो का, ते लवकर कळव."

मी चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. काल रात्री तिनं किती खाल्लं होतं? कीर्तन मध्येच थांबलं, म्हणजे पाच-सहा घास. त्यानंतर काही नाही. एवढीशी मुलगी, तिच्या अंगात साठवणीला असतं काय? उभं राहिलो तर खोली फिरली. दाराशी जाऊन खाली वाकून बघितलं. फटीत चार बोटं दिसली. पायाची, लहान, एकाला नेलपॉलिश. ती सतरंजीवर नव्हती. दाराला अगदी चिकटून बसली होती.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून कुजबुजलो, "पूर्वा, जेव बाळा."

"बाबा?" बोटं हलली. "देवानं दार उघडलं का?"

आणि मी, बारा वर्षं कीर्तन ऐकलेला माणूस, कथेचं रहस्य, रस, मांडणी सगळं सोडून म्हणालो, "हो हो, उघडलं. सोनबा जेवला पण. आता तू जेव."

बाहेर टाळी वाजली. "उघडलं? मग हे पण उघड!"

तिनं दार ढकललं. कडी मी लावली नव्हती, कारण चक्कर येऊन पडलो तर कुणाला आत येता यायला हवं, असं अक्षतानंच सांगितलं होतं. दार बोटभर उघडलं. मी वळलो आणि पाठ लावून उभा राहिलो. बारा वर्षं खांबाला टेकायचा सराव होता, तो असा उपयोगी पडला. बाहेरून लहान मुठी धडाधडा वाजत होत्या. "खोटं! उघडलं म्हणालास! बाबा खोटं बोलतो!" मग अक्षताचं धावत येणं, मग तिला उचलणं, आणि लांब जाणारं रडणं.

पाठीला मुठी लागत होत्या तेव्हा काय वाटलं, ते मी कीर्तनात कधी सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडून अक्षता, स्वयंपाकघरातून.

"बोलू नका, फक्त ऐका. तुम्ही सांगितलं म्हणून तिला वाटलं होतं दार उघडेल. आता मी काही सांगितलं तरी खोटं म्हणते. केळं दिलं, फेकलं. बिस्कीट दिलं, दादाला दिलं. दादानं खाल्लं, त्याचं काही नाही. अहो, हातपाय गार लागतायत तिचे. ताप नाही, मी बघितला. पण मला भीती वाटतेय." मग पुन्हा शाळेतला आवाज. "कथा तुम्ही बिघडवलीत, तुम्हीच पुरी करा. लिहून पाठवा, मी वाचते. आणि एक, नीट ऐका. त्यात दार उघडायचं नाही."

मी टाइप केलं: "दार उघडायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे देवानं दार उघडलं, की तुम्हालाही उघडावं लागेल. अजून अकरा दिवस आहेत. तुमच्या देवाला सांगा, अकरा दिवस आतच बस."

फोन बंद. मी पलंगावर बसलो. बारा वर्षांत मी अशी एकही कथा ऐकली नव्हती, ज्यात शेवटी दार उघडत नाही. भिंत फुटते, बेड्या तुटतात, कुलूप गळून पडतं, वर ढोल वाजतात. त्यासाठीच तर माणसं अडीच तास मांडी घालून बसतात. दार न उघडता उत्तररंग संपवायचा कसा? मी अनिरुद्धबुवांना मेसेज केला: "बुवा, नमस्कार. भक्त दाराशी बसला आहे, दार उघडता येत नाही, कथा कशी संपवावी? तातडीचं आहे." पाच मिनिटांनी उत्तर आलं. आलं-दालचिनी-तुळशीच्या काढ्याची कृती, आणि खाली, "दिवसातून तीनदा."

मग मीच लिहायला बसलो. आधी थोडा पूर्वरंग लिहिला, अकरा ओळी, देह नाशवंत असण्याबद्दल. मग सोनबाला पायरीवर बसवला. पुढे सुचेना. तेवढंच पाठवून दिलं. उरलेलं तिकडे ते वाचेपर्यंत सुचेल, असं ठरवलं. नाटक सुरू झाल्यावर तिसरा अंक लिहितात म्हणे काही लोक.

बाहेर हालचाल झाली. फूटपट्ट्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज. अक्षता, जी लग्नाच्या अकरा वर्षांत कीर्तनाला आली नव्हती, ती दाराबाहेर उभी राहिली होती.

"विठ्ठल विठ्ठल," ती म्हणाली, हजेरी घ्यावी तशी.

मग ती माझा मजकूर वाचत असावी. देह नाशवंत असल्याच्या अकरा ओळी तिनं मनातल्या मनातच वाचून संपवल्या, हे मला आतूनही कळलं. "सोनबा पायरीवर बसला," ती एकदम म्हणाली. "पायरी कशाची होती, पूर्वा?"

बाहेर फूटपट्टी एकदा वाजली.

"दादा, तू सांग. लाकडाची होती ना?"

"दगडाची!" पूर्वा न राहवून म्हणाली.

"गार की गरम?"

"गार. माझी पण गार आहे."

"हो का? आणि दाराच्या आत कोण होतं?"

"देव."

"काय करत होता देव?"

"झोपला होता," पूर्वा म्हणाली. "त्याला ताप आलाय. तो बोलतच नाही."

अक्षता पुढचा प्रश्न विचारायची थांबली. मीही फोनवर काहीतरी टाइप करत होतो, थांबलो. वर्गात मूल असं काही बोलतं तेव्हा बाई काय करतात कोण जाणे. बहुधा ऐकतात.

"मग सोनबा का जेवत नाही?" तिनं हळू विचारलं.

"देव पण जेवत नाही म्हणून. ताट तसंच बाहेर येतं. काल रात्री पण आलं. सकाळी पण आलं. मी बघितलं. तू भांड्यात टाकलंस." पूर्वाचा आवाज भरून आला. "देव जेवत नाही तर सोनबानं एकट्यानं कशाला जेवायचं?"

आता आतल्या खोलीत एक स्टोअरकीपर बसला होता आणि त्याच्यासमोर दुपारचं ताट होतं. वरण-भातावर साय धरावी तसा पापुद्रा आला होता. लिंबाची फोड वाळली होती. मला वाटत होतं, मुलगी माझ्या कथेमुळे उपाशी आहे. कथेला एवढी ताकद असते, या विचारानं दुपारपासून मला, घाबरलेल्या अवस्थेतही, मनात कुठेतरी थोडं बरं वाटत होतं. ते बरं वाटणं तिथल्या तिथे संपलं. कथा निमित्त होती. तिनं ताटं मोजली होती.

"पूर्वा," अक्षता म्हणाली, "आपण गणपतीला नैवेद्य दाखवतो, तेव्हा आजी काय करते?"

"पडदा ओढते."

"का?"

"देवाला कुणी बघितलेलं आवडत नाही. जेवताना."

"मग देऊळ बंद असलं तर आत काय चाललेलं असेल?"

इथे इतका वेळ गेला, की मी श्वास धरून बसलो. आधीच तो कमी होता.

"नैवेद्य!" इंद्रजीत म्हणाला.

"दादा, तू नको सांगू! मला येत होतं!" पूर्वा चिडली. मग दाराला काहीतरी टेकलं. तिचा कान. "पण आई, ताटाचा आवाज येत नाही."

"नीट ऐक," अक्षता म्हणाली. आणि मग एरवी माझ्याशी वापरत नाही त्या आवाजात, दाराकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "देव आता जेवायला बसेलच. वेळ झाली आहे त्याची."

मी चमचा घेतला. ताटाच्या काठावर एकदा वाजवला. ठण्.

"आला!" बाहेरून किंकाळी.

मी घास तोंडात घातला. ओला पुठ्ठा. गिळला. ठण्.

"देव जेवला, सोनबाला भूक लागली," अक्षता म्हणाली. "आ कर. विठ्ठल विठ्ठल."

"विठ्ठल विठ्ठल," बाहेरून. गिळून झाल्यावरच म्हणता येतं, हे मी वर सांगितलंच आहे.

ठण्. घास. विठ्ठल विठ्ठल. ठण्. घास. विठ्ठल विठ्ठल. पाचव्या घासाला माझ्या घशाशी आलं. म्हटलं, नुसता चमचा वाजवू, कुणाला कळणार आहे? बारा वर्षं टाळ्या वाजवताना मी हेच केलं होतं, हात वर, आवाज दुसऱ्यांचा. ठण्.

"आई, हा नुसताच वाजवला," पूर्वा म्हणाली. "चावल्याचा आवाज नाही आला."

"असं का देवा?" अक्षता म्हणाली. "सोनबा थांबलाय."

देवानं घास घेतला. बाहेर तिनं आठव्या घासाला लोणचं मागितलं. बाराव्याला म्हणाली, पायरी गार आहे, मांडीवर घे. विसाव्याला तिचा आवाज जड झाला. माझं ताट पुसल्यासारखं रिकामं झालं होतं. दोन दिवसांतलं पहिलं. बोट फिरवून साय सुद्धा काढली, चव नव्हती तरी. मग दाराशी बसून राहिलो. पलीकडे अक्षता पूर्वाला थोपटत होती. बराच वेळ झाल्यावर हळू म्हणाली, "आकडा?"

मी दारावर पंच्याण्णव वेळा टकटक करू शकत नव्हतो. मेसेज केला. तिनं उत्तर पाठवलं, "बरं," आणि त्यानंतर, "उद्या नाचणीची पेज देते, गिळायला सोपी. पण चमचा वाजवा."

पुढचे अकरा दिवस रोज तीन वेळा नैवेद्य झाला. माझा आवाज सहाव्या दिवशी परत आला, पण मला कुणी कथा सांगायला बोलावलं नाही. बाहेर कीर्तन अक्षता करायची, आठ मिनिटांत, शेवटी प्रश्न विचारून. सोनबा मार्केट यार्डात परत गेला, तिथे मास्क लावून पोती उचलू लागला आणि अंतर ठेवून उभं राहू लागला. हे माझ्या कथेत कधी बसलं नसतं. मी आतून फक्त ठण् करायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चाललेलं कीर्तन हे असं, ज्यात मी एक शब्दही बोललो नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, टॉवेल खांद्यावर घेतला. मनात म्हटलं, आज खरा उत्तररंग. दार उघडतं, भक्ताला देव दिसतो. मी दार उघडलं आणि प्रकट झालो.

पूर्वा समोर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांमधून वाकून आत बघितलं. आत गेली. पलंगाखाली बघितलं, न्हाणीघरात बघितलं. बाहेर येऊन स्टुलावरचं रिकामं ताट हातात घेतलं, उलटं करून पाहिलं.

"संपवलं," तिनं आईला सांगितलं. मग ताट टाकून माझ्या पायाला मिठी मारली आणि खूप वेळ सोडली नाही. इंद्रजीतनं दुसरा पाय धरला आणि म्हणाला, "बाबा, तू बारीक झालास." अक्षता स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथनं घेऊन उभी होती.

"बाबा," पूर्वा डोकं वर करून म्हणाली, "कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडतात ना?"

"पडतात की," मी म्हणालो. उजवा पाय थोडा पुढे सरकवला, तिला सोयीचं व्हावं म्हणून.

ती वळली, पळत स्वयंपाकघराकडे गेली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. इंद्रजीतनंही ठेवलं. मी पाय हळूच मागे घेतला आणि दाराच्या चौकटीला टेकलो.

अक्षतानं दोघांना उठवलं, उलथन्याच्या हाताच्या पाठीनं डोळे पुसले, आणि माझ्याकडे बघितलं.

"या, तुम्हीही या," ती म्हणाली. "पण आधी ती चौकट सोडा."